एक किलोवॅटच्या घरातला स्पिंडल

पेणमधल्या आमच्या घराच्या वीजबिलावर वरच्या बाजूला ग्राहकाचे नाव आणि त्याच्या खाली मंजूर भार छापलेला असतो. नाव माझ्या आजेसासऱ्यांचे आहे. त्यांना जाऊन तीसहून जास्त वर्षे झाली. मंजूर भार एक किलोवॅट. माझ्या नवऱ्याने घरात आणलेल्या कोरीवकामाच्या मशीनला नुसत्या स्पिंडलसाठी, म्हणजे लाकूड कापणारे पाते फिरवणाऱ्या मोटरसाठी, पूर्ण जोरावर सव्वादोन किलोवॅट लागत होते. या दोन आकड्यांमधल्या अंतरात आमचे सात महिने गेले.

नवरा रोह्याकडच्या एका कंपनीत एकोणीस वर्षे इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन होता. त्याचे युनिट बंद झाले. कंपनीचा उरलेला भाग चालू राहिला, पण माणसे ठेकेदारामार्फत घ्यायला लागली. तो ठेकेदार पूर्वी नवऱ्याच्या शिफ्टमध्ये हेल्पर होता. तो अजूनही त्याला साहेब म्हणतो. मशीन आल्यावर महिन्याभरात त्याचा फोन आला.

"साहेब, दिवाळीनंतर शटडाऊन हाय. तुमची जागा धरून ठेवतो. दिवाळीपर्यंत कळवा म्हंजे झालं."

शटडाऊन म्हणजे कंपनी काही दिवस थांबवून करायची देखभाल-दुरुस्ती. काम तेच, पॅनल तेच, हेल्मेटचा रंग दुसरा आणि आत जायचे गेट दुसरे. "त्या गेटातून नाय जाणार," नवरा एवढेच म्हणाला. म्हणजे मशीन दिवाळीपूर्वी चालायला हवे होते. नाही चालले तर ते गेट होतेच.

मशीन जुने होते, पनवेलच्या एका पाट्या बनवणाऱ्याकडून घेतलेले. चार फूट बाय चार फुटांचे पुढेमागे सरकणारे टेबल, त्यावर आडवा सरकणारा स्पिंडल, आणि त्याचा वेग सांभाळणारा, भिंतीवर लावायचा एक डबा. त्या डब्याला ड्राईव्ह म्हणतात. मागच्या पडवीला पत्रे लावून ती बंद केली आणि मशीन तिथे बसवले. मीटरपासून पडवीपर्यंत जाड वायर नवऱ्याने स्वतः ओढली. मंजूर भारापेक्षा जास्त वापर नियमात बसत नाही, हे त्याला माहीत होते. म्हणून भार वाढवून मिळण्याचा अर्ज त्याने पहिल्याच आठवड्यात दिला आणि अर्जाचा निकाल लागेपर्यंत मशीन जपून चालवायचे ठरवले.

पहिले काम वडखळच्या एका सुतार मिस्त्रींनी दिले. अलिबागच्या रस्त्याला जे बंगले होतात त्यांचे दरवाजे ते करतात. दरवाजांवरच्या हवेच्या झरोक्यांना सागाच्या कोरीव जाळ्या हव्या होत्या. आधी आठ जाळ्या, त्या चांगल्या उतरल्या तर सगळ्या बंगल्याच्या. लाकूड मिस्त्रींचे.

पहिली जाळी तीन चतुर्थांश झाली होती. मी स्वयंपाकघरात होते. दिवा मंद झाला, फ्रीज घरघरला आणि मागचा आवाज थांबला. मी पडवीत गेले तेव्हा नवरा बटणाकडे धावत होता. व्होल्टेज पडल्यामुळे ड्राईव्हने स्पिंडल बंद केला होता, पण टेबल हलवणाऱ्या भागाला ते कळले नव्हते. थांबलेले पाते लाकडातून ओढत नेऊन टेबलाने ते मोडले. मधल्या फुलातून एक खोल आडवी रेघ गेली.

मिस्त्रींनी तो तुकडा उजेडात धरून पाहिला.

"दादा, हे फूल कुत्र्यानं चावलंय काय?"

"लाईट गेली."

"माझ्या पटाशीची कधी जात नाय," असे म्हणून त्यांनी तुकडा टेम्पोत टाकला. दुसरे लाकूड मात्र दिले.

नवऱ्याने दोन दिवसांत एक वायर जोडली. ड्राईव्ह थांबला की टेबलही थांबेल अशी सोय केली. त्यानंतर पाती मोडली नाहीत. पण काम जिथे थांबे आणि पुन्हा सुरू होई तिथे लाकडावर जळक्याचा एक काळपट गोल उमटे. तो घासून जात नसे.

मी चौदा वर्षे एका दैनिकाच्या जिल्हा पानावर होते. ते ऑफिस बंद झाल्यापासून घरी पुस्तकांची प्रुफे वाचते. नवरा म्हणाला, "तुला लिहायची सवय हाय. व्होल्टेज लिहून ठेव." त्याने मीटरशेजारी एक छोटा आकडा दाखवणारा डबा बसवला आणि मी दर अर्ध्या तासाने वही भरू लागले. दहा दिवसांत चित्र स्पष्ट झाले. सकाळी नळाला पाणी येते तेव्हा गल्लीतल्या प्रत्येक घराची मोटर सुरू होते. त्या वेळी आकडा एकशे ऐंशीवर; तो दोनशे तीस असायला हवा. नंतर मिक्सर, इस्त्री, गीझर. अकरा ते चार दोनशे दहा, कधी दोनशे पंधरा. संध्याकाळी पुन्हा दोनशेच्या खाली. रात्री उशिरा आकडा चांगला असे, पण स्पिंडलचा आवाज शेजाऱ्यांच्या झोपेत नेण्यासारखा नव्हता. रात्री चालवण्याचा विचार आम्ही केलाच नाही.

तेव्हा अकरा ते चार. या पाच तासांत फ्रीज बंद, कारण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होण्याचा झटका ड्राईव्हला सहन होत नसे. माझा संगणकही बंद. मी प्रुफे छापून आणून खिडकीत वाचायला लागले. पंख्याने काही फरक पडत नाही, असे नवरा म्हणायचा. तरी मी पंखा बंद ठेवायचे. भुसा ओढून घेणारा व्हॅक्यूम स्पिंडलबरोबर चालवता येत नसे, त्यामुळे सागाचा बारीक भुसा पडवीतून आत यायचा. तो भांड्यांवर बसायचा, प्रुफांवर बसायचा. दूध सकाळीच दोनदा तापवून ठेवायचे. आमसुलाची कढी संध्याकाळपर्यंत टिकते, डाळ टिकत नाही, हे मला त्या उन्हाळ्यात नीट कळले.

एवढे करूनही स्पिंडलला पूर्ण जोर देता येत नसे. नवऱ्याने कापण्याची खोली कमी केली. एका वेळी मिलिमीटरभर. तासाभराच्या जाळीला चार तास लागू लागले. दिवसाला एक जाळी, तीही शेजारच्या काकींनी दुपारी मोटर लावली नाही तर. बहुतेक तुकड्यांवर इतके काळे गोल पडत की ते टाकून द्यावे लागत; महिन्याला एखादीच जाळी देण्यासारखी उतरे.

मी त्यांना विचारायला गेले.

"काकी, दुपारची मोटर घटकाभर थांबवाल काय? त्याचं काम चालू असतं."

"लाकूड कापायला पण लाईटीची वेळ बघावी लागते काय गो तुमच्यात?"

"व्हय."

"आमचा सुतार बरा. त्याला चहा दिला की कापायचा."

त्यांनी मोटर थांबवली, पण ती कशासाठी थांबवली हे गल्लीभर सांगितले. चार दिवसांनी समोरच्या घरातले आजोबा आमच्या दारात येऊन विचारून गेले, "इस्त्री फिरवू काय? तुमचं चालू नाय ना?" ते टोमणा मारत होते की खरेच विचारत होते, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

भाद्रपदात वायरमनने एक मार्ग सुचवला. गल्लीतल्या खांबावर तीन फेज, म्हणजे विजेच्या तीन वेगळ्या तारा, येतात आणि घरे तिन्हींवर वाटलेली असतात. आमची वायर सगळ्यांत भरलेल्या फेजवर होती. त्याने ती सर्वांत रिकाम्या फेजवर टाकून दिली. त्या दिवशी दुपारी आकडा दोनशे अठ्ठावीस होता. त्या आठवड्यात नवऱ्याने दोन जाळ्या डागाशिवाय उतरवल्या. दुपारी तो शीळ घालत होता, हे मी त्याच वहीत लिहिले आहे.

चूक माझी झाली. काकींनी विचारले, तुमच्याकडे पंखा एवढा जोरात कसा फिरतो? मी त्यांना खांब, तीन फेज, वाटणी हे सगळे नीट समजावून सांगितले. बातमी लिहिताना सांगतात तसे, कोणालाही कळेल असे. त्यांना कळले. पंधरा दिवसांत गल्लीतल्या सात घरांनी वायरमनला बोलावून आपापली वायर आमच्या फेजवर टाकून घेतली. आकडा एकशे ब्याण्णववर आला.

वायरमन माझ्यावर रागावला नाही. तो खांबाखाली उभा राहून वर बघत म्हणाला, "वयनी, आता पहिली फेज रिकामी हाय. तुम्हाला तिकडं टाकू? पण ह्या वेळी कुणाला बोलू नका."

नवरा नको म्हणाला. बहुधा तो मोजत होता की हे किती वेळा करावे लागेल.

भार वाढवण्याचा अर्ज तोवर परत आला होता. ऑफिसातले गृहस्थ सभ्य होते. ते म्हणाले, ग्राहक हयात नसताना त्यांच्या नावावर भार कसा वाढवायचा? आधी मीटर तुमच्या नावावर करा, मग भार वाढवा, मग तीन फेजही मिळतील. नावासाठी वारसांची संमती लागेल. वारस दोन होते. सासरे गेल्यामुळे त्यांच्या बाजूने नवरा, आणि दुसरी सासऱ्यांची बहीण, म्हणजे नवऱ्याची आत्या. ती रोह्याला असते.

संमतीपत्र मी लिहिले. एक पान. मीटरचा क्रमांक, पत्ता, हरकत नाही एवढेच. घर किंवा जमीन यांच्या हक्काशी या पत्राचा संबंध नाही, असे एक वाक्य मी मुद्दाम घातले.

दिवाळीला महिना होता. आम्ही एसटीने निघालो. वडखळपर्यंत नेहमीची धूळ, नागोठण्याला गाडी बराच वेळ उभी राहिली. नवरा एकोणीस वर्षे याच रस्त्याने कामावर जात होता. तो खिडकीत डोके टेकून झोपला आणि रोह्याला स्टँडच्या दोन मिनिटे आधी बरोबर जागा झाला.

आत्यांचे घर मागे आणि पुढे रस्त्याला गिरणी. पीठ दळायची. त्यांचे यजमान ती चालवत. ते गेल्यापासून चार वर्षे गिरणीचे शटर बंद आहे. आत्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी आम्हा दोघांना दारात बघितले आणि म्हणाल्या, "एकटा आला असतास तर भेटायला आला असं समजले असते. दोघं आलात म्हंजे काम हाय."

"हाय," नवरा म्हणाला.

"मग बस. काम आधी सांग. जेवताना मला कामाचं चालत नाय."

मी पत्र दिले. त्यांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत पूर्ण वाचले. मग माझ्याकडे बघितले.

"तू लिहिलंस गो?"

"हो."

"चांगलं लिहिलंस. ते पण चांगलंच लिहिलं होतं."

ते म्हणजे हक्कसोडपत्र. माझ्या लग्नाच्या आधीची गोष्ट. सासऱ्यांनी बहिणीला पेणला बोलावून घेतले, फक्त सही आहे म्हणून सांगितले, आणि तिने सही केली. गावाकडच्या भातशेतीतला तिचा हिस्सा त्या सहीने गेला. हे तिला चार वर्षांनी, ती शेती विकली गेल्यावर, दुसऱ्याच कोणाकडून कळले. भावाशी तिने भांडण केले नाही. फक्त त्यानंतर त्याच्या घरातले कोणीही तिच्याकडे काही मागायला गेले नाही. तो कागद आमच्या कपाटात आहे. मी तो वाचला आहे. त्याच्या मसुद्यात चूक एकही नाही.

"ह्यात जमिनीचं काय नाय, आत्या," नवरा म्हणाला. "फक्त मीटर हाय. तिनं तसं लिहिलंय पण."

"लिहिलंय व्हय. मी वाचलं. तेव्हा मी न वाचता केली. आता वाचून नको म्हंते."

"नाय केलीस तर तीन फेज नाय मिळणार."

"नाय मिळणार. तू वाईट वाटून घेऊ नको. तू तुझ्या बापासारखा नाय हे मला ठाऊक हाय. पण सही मी नाय करणार."

नवऱ्याने पत्राची घडी घालून खिशात ठेवली. जेवायला वालाचे बिरडे आणि तांदळाची भाकरी होती. जेवताना आत्या पेणच्या पाण्याबद्दल बोलल्या, पावसात नागोठण्याला कुठवर पाणी आले होते त्याबद्दल बोलल्या. निघताना त्यांनी चप्पल घालणाऱ्या नवऱ्याला विचारले, "आन् मशीन नाय चाललं तर काय करशील?"

"कंपनीत. त्या पोराकडं, ठेक्यावर."

"तो तुला चहा आणून द्यायचा तो?"

"तोच."

त्या गिरणीच्या शटरपर्यंत आमच्याबरोबर आल्या.

एसटीत नवरा म्हणाला, "तिचं बरोबर हाय." मला ते आधीपासून माहीत होते. बरोबर असलेल्या माणसाकडून रिकाम्या हाताने परत येण्यात रागावण्याची सोय नसते.

पुढचे आठ दिवस सांगण्यासारखे नाहीत. तोवर पाचच जाळ्या पूर्ण झाल्या होत्या, त्यांपैकी दोन जाळ्यांवर काळे गोल होते. मिस्त्रींनी फोनवर विचारले, उरलेले लाकूड परत नेऊ का? ठेकेदाराने विचारले, नाव यादीत टाकू का? नवऱ्याने दोघांनाही दोन दिवस मागितले. त्याने शटडाऊनचे जुने बूट माळ्यावरून काढून पुसले आणि दारामागे ठेवले. मी ते पाहिले, हे त्याने पाहिले.

नवव्या दिवशी आत्यांचा फोन आला. मला.

"ती मशीन पीठ उडवते काय गो?"

"पीठ नाही. भुसा."

"मला काय, दोन्ही झाडायचंच. ऐक. गिरणीची लाईन चालू हाय. तीन फेज. आमचे हे गेले तरी मी तोडली नाय. लोकं बोलली तोड, तोड. मला शटर उघडलं की दिवा लागलेला बरा वाटतो. मागच्या खोलीत गोणी असायच्या ती रिकामी हाय. तिथं आण म्हणावं."

गिरणीला तीन फेज आहेत हे नवऱ्याला सुरुवातीपासून माहीत होते. रोह्याच्या त्या दुपारी तो जेवताना दोनदा गिरणीच्या भिंतीवरच्या मीटरकडे बघत होता. त्याने विचारले नव्हते. त्या घरात मागायचे नसते, हे तो बापाकडून नाही तरी बापामुळे शिकला होता.

"आणि एक कागद लिही," आत्या म्हणाल्या. "तू चांगलं लिहितेस. जागा माझी, लाईन माझी, मशीन त्याचं. मी बोलेन तेव्हा उचलायचं. खाली सही त्याची. माझी नको."

मी सहा ओळी लिहिल्या. नवऱ्याने त्या वाचल्या, सही केली, आणि बूट परत माळ्यावर टाकले.

गिरणीच्या मंजूर भारात हे मशीन बसते का, हे त्याने रोह्याच्या वीज ऑफिसात आधी विचारून घेतले. दिवाळीला अकरा दिवस असताना मशीन टेम्पोतून गेले. गोण्यांच्या खोलीत त्याने स्पिंडल एका फेजवर जोडला, व्हॅक्यूम दुसऱ्या, टेबल आणि दिवे तिसऱ्या. मी तिथे होते. सवयीने मी वही नेली होती. आकडा दोनशे एकतीस होता आणि स्पिंडल पूर्ण वेगाला लागला तेव्हा दोनशे एकोणतीस. जाळी पन्नास मिनिटांत झाली. नवरा पन्नास मिनिटे बटणावर हात ठेवून उभा होता. व्हॅक्यूम चालू असल्यामुळे खाली भुसा नव्हता आणि झाडू घेऊन आलेल्या आत्यांना करायला काही उरले नाही.

त्याच संध्याकाळी त्याने ठेकेदाराला नाही म्हणून सांगितले.

"साहेब, विचार करा. पुढल्या टायमाला जागा नसंल."

"बरं."

आता तो सकाळी सहाला निघतो आणि रात्री आठला येतो. मिस्त्रींनी आठ जाळ्या घेतल्या. काळे गोल असलेल्या दोन त्यांनी बंगल्याच्या मागच्या बाजूला बसवल्या आणि पुढचे लाकूड पाठवले. पेणच्या घरात फ्रीज दिवसभर चालू असतो. पडवीत चार बोल्टांची भोके राहिली आहेत. नवरा रात्री जेवून लगेच झोपतो. शिफ्टमध्ये होता तेव्हा जेवढा दमायचा तेवढाच दमतो. ते तो नाकारत नाही.

मी मागच्या आठवड्यात रोह्याला गेले होते. गिरणीचे शटर अर्धे उघडे होते. आतून स्पिंडलचा आवाज येत होता आणि बाहेर एक बाई डोक्यावर तांदळाचा डबा घेऊन उभी होती. आवाज ऐकून येणारी ती पहिली नव्हती. नवऱ्याने सांगितले, रोज दोघी-तिघी येतात, इथे दळत नाहीत म्हटले की आवाज कसला मग, असे विचारतात.

"दळताय काय?" बाईने आत वाकून विचारले.

"नाय," नवरा म्हणाला.

"व्हय," आत्या मागून म्हणाल्या. "ठेव डबा."

नवऱ्याने मशीन न थांबवता मान वळवली. "आत्या, जात्याची मोटर दहा हॉर्सपॉवरची हाय. दोन्ही एका वेळी नाय चालणार. लाईन तेवढी नाय."

"जात्याला पट्टा घातलायस ना तू परवा?"

"घातलाय. चालतं का बघायला घातला."

"मग चालव. तुझं घटकाभर बंद कर. ती भाकरीला खोळंबलीय."

जाळी अर्धी झाली होती. त्याने कापण्याची ओळ पूर्ण होऊ दिली, पाते लाकडातून वर उचलले आणि स्पिंडल बंद केला. मग गिरणीकडे गेला. बाई डबा घेऊन आत आली आणि मला म्हणाली, "बारीक दळायला सांग गो त्याला. नवा हाय ना तो?"